चाक नेमकं कुठे उभं राहतं
(गाडीला बाहेरची अलॉय चाकं बसवणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

वणीकडून मुकुटबनला येताना रस्त्याच्या कडेला थांबलेला एखादा दहाचाकी टिप्पर नीट पाहावा. समोरच्या चाकाची डिस्क बाहेर फुगून आलेली असते आणि नट थेट डोळ्यांत भरतात. मागे गेलं की चित्र उलटं. तिथल्या बाहेरच्या चाकाची डिस्क खोल आत गेलेली असते, नट पाहायचे तर वाकावं लागतं. पाहणाऱ्याला वाटतं की ही दोन वेगळ्या प्रकारची चाकं आहेत, पण डिस्क एकाच जातीची असते. पुढे ती एका तोंडाने बसवलेली असते, मागे बाहेरच्या बाजूला दुसऱ्या तोंडाने. मागच्या जोडचाकांत आतलं चाक सुलट आणि बाहेरचं उलट, म्हणून दोन्ही डिस्क एकमेकींना चिकटतात आणि टायर मात्र एकमेकांपासून लांब राहतात. भार पडला की टायर खाली फुगतो, तेव्हा दोघांना घासायचं नाही एवढी जागा त्यातून मिळते. शिवाय एकच स्टेपनी सगळीकडे चालते.

या पुस्तिकेचा विषय असलेला ऑफसेट तो हाच. रिमच्या रुंदीचा मध्य एकीकडे आणि चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग दुसरीकडे, या दोहोंमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि चाकाच्या आतल्या बाजूला बहुधा ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. टेकणारा पृष्ठभाग मध्यापासून बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आत, ब्रेकच्या बाजूला असेल तर ऋण. टिप्परचं पुढचं चाक धन ऑफसेटवर उभं असतं आणि मागचं बाहेरचं ऋण ऑफसेटवर.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना तर ही गोष्ट हातानेच माहीत आहे. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळी साधारण ४५ सेंमीवर असतात. उभ्या पिकात डवरणीला किंवा फवारणीला ट्रॅक्टर घालायचा तर चाकं ओळीवर जाऊन चालत नाही. मागच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर १३५ सेंमी ठेवलं की दोन्ही चाकं ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यांतून जातात. कपाशीची लागवड वेगळ्या अंतरावर असली की हिशेब पुन्हा बदलतो. त्यासाठी शेतकरी डिस्क उलटी टाकतो, रिमचे लग दुसऱ्या बाजूने आवळतो आणि चाक आत-बाहेर करतो. त्याला कोणी ऑफसेट म्हणत नाही, पण काम तेच आहे.

मात्र टिप्पर आणि ट्रॅक्टर यांची चाकं जिथे जिथे बसू शकतात, त्या सगळ्या जागांचा विचार करूनच त्यांचा ॲक्सल आणि बेअरिंग बनवलेले असतात. मोटारीचं तसं नाही. तिचा हब आणि बेअरिंग एका ठरावीक रेषेवर भार येईल असं धरून बनवलेले असतात. ती रेषा थोडी सरकली तर गाडी सांभाळून घेते, फार सरकली तर घेत नाही. कितपत सरकवायची, कशाने सरकवायची आणि मुळात सरकवायची का, एवढंच या पुस्तिकेला सांगायचं आहे.

मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातलं, तेलंगणच्या सीमेजवळचं गाव. एका अंगाला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, कोलारपिंपरीसारख्या उघड्या खाणींचा वणी पट्टा आणि खुद्द गावाजवळ चुनखडी. बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या उपकंपनीचा, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे २०२२ मध्ये सुरू झाला. कोळसा, चुनखडी, क्लिंकर, भरलेल्या पोत्यांचे ट्रक हे सगळं ज्या रस्त्यांवरून जातं, त्याच रस्त्यांवरून लोकांच्या स्विफ्ट, क्रेटा, बोलेरो आणि स्कॉर्पिओ जातात. नवी गाडी घेतली की पोरांना पहिली इच्छा होते ती चाकं बदलण्याची. ‘भाऊ, टायर जरा बाहेर निघालं पाहिजे, गाडी भरलेली दिसली पाहिजे,’ ही मागणी टायरच्या दुकानात नेहमीची. मला या इच्छेत काही वाईट दिसत नाही. माणूस बैलांची शिंगं रंगवतो, तसा तो गाडीही सजवणारच. पण दुकानात त्याला रिमचा व्यास सांगतात, डिझाइन दाखवतात, भाव सांगतात आणि ईटीचा आकडा कुणी उच्चारत नाही. ही पुस्तिका त्यामुळे गरजेची झाली.

एक हिशेब इथेच करून पाहू. समजा कंपनीचं चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, त्याचं अर्धं सुमारे ७०. हब जिथे टेकतो तिथून आतली कड ७० अधिक ४५, म्हणजे ११५ मिमीवर आणि बाहेरची कड ७० वजा ४५, म्हणजे २५ मिमीवर. आता दुकानदाराने सात इंचांचं, ईटी ३५ चं चाक पुढे केलं. सात इंच म्हणजे १७७.८ मिमी, अर्धं सुमारे ८९. आतली कड १२४ वर गेली, बाहेरची ५४ वर. म्हणजे चाक आत ९ मिमी जास्त घुसलं आणि बाहेर २९ मिमी जास्त आलं. आतले ९ मिमी शॉकअपला किंवा आतल्या पत्र्याला लागतील का आणि बाहेरचे २९ मिमी मडगार्डच्या कडेला लागतील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं गाडीखाली वाकून, पट्टी लावूनच मिळतात. त्याच गाडीला सहा इंचांचं, ईटी ४५ चंच चाक घेतलं असतं तर दोन्ही बाजूंना जेमतेम ६ मिमी वाढले असते आणि बहुधा कशालाच धक्का लागला नसता.

या हिशेबात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बाहेरची कड २९ मिमी सरकली, पण चाकाचा मध्य सरकला तो फक्त १० मिमी, कारण ४५ चा ३५ झाला तेवढाच. बेअरिंगला कळतो तो हा मध्य. आजच्या बहुतेक मोटारींच्या हबमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात. कंपनीने भाराची रेषा त्या दोन रांगांच्या मध्ये राहील अशी योजना केलेली असते, म्हणजे भार दोघींत वाटला जातो. मध्य बाहेर सरकला की बाहेरच्या रांगेवर जास्त ओझं येतं. म्हणून नुसती जास्त रुंदी आणि कमी ऑफसेट यांचे परिणाम वेगळे आहेत. रुंद चाकाने मडगार्ड घासतं, पण भाराची रेषा ढळते ती कमी ऑफसेटमुळे. पाच मिलिमीटरने बेअरिंग मरत नाही हेही सांगितलं पाहिजे, कारण काही मिस्त्री एक मिलिमीटरचाही बाऊ करतात. पण २५-३० मिमी बाहेर काढलेलं चाक रोज भरल्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर खड्ड्यात आपटत असेल, तर तो धक्का उभ्या वजनाच्या कैक पट असतो आणि वाढलेल्या तरफेनिशी बेअरिंगवर येतो. बेअरिंगचा ‘घुंऽऽ’ असा आवाज सुरू झाला की लोक रस्त्याला शिव्या देतात, पण चाकाकडेही पाहायला हवं.

दुसरा परिणाम हाताला जाणवतो, स्टीअरिंगमध्ये. पुढचं चाक वळतं ते एका तिरप्या अक्षाभोवती. तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर टायरच्या मध्याच्या जवळपास कुठेतरी टेकतो. त्या दोन बिंदूंमधलं अंतर कंपनी फार विचारपूर्वक ठेवते. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या पुष्कळ मोटारींत ते अगदी कमी किंवा किंचित उलट्या बाजूला असतं. हेतू हा की एका बाजूच्या चाकाला ब्रेक कमी लागला किंवा एक चाक मऊ जमिनीवर गेलं तरी स्टीअरिंग हिसका देऊ नये. चाक बाहेर काढलं की हे अंतर वाढतं. आता समोरून क्लिंकरचा ट्रक येतोय, तुम्ही गाडी डावीकडे घेतली आणि डावी चाकं डांबरावरून साइडपट्टीच्या भुसभुशीत मुरमावर उतरली. कंपनीच्या चाकांवर हलकी ओढ जाणवते. २५ मिमी बाहेर काढलेल्या चाकांवर तीच ओढ हातातून स्टीअरिंग हिसकावू पाहते. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर चाकं बदलून ‘काही फरक पडत नाही’ असं सांगणाऱ्याचं तिथल्यापुरतं खरं असतं. आपल्या रस्त्यांवर चारचाकी दिवसातून किती वेळा साइडपट्टीवर उतरते, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची धातूची चकती. तिच्या जाडीइतका ऑफसेट कमी होतो: ईटी ४५ च्या चाकामागे १५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ३०. पुष्कळ जाणते लोक स्पेसरला नावं ठेवतात आणि स्वतः ईटी २० चं चाक आणतात. हे मला पटत नाही. भाराच्या रेषेच्या दृष्टीने ईटी ३० चं चाक आणि १५ चा स्पेसर लावलेलं ४५ चं चाक यांत फरक नाही, बेअरिंगला दोन्ही सारखीच. स्पेसरचा खरा धोका वेगळा आहे. जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसत होते तिथे आता तीन वस्तू आणि चार पृष्ठभाग आले. या जोडाचं सगळं बळ नटांच्या ताणात असतं. चाक हबवर घट्ट दाबलेलं राहतं आणि त्या घर्षणाने भार पेलला जातो. स्टड नुसतेच खिळ्यांसारखे चाक टांगून धरत नाहीत. हा दाब कमी झाला की चाक सूक्ष्मपणे हलू लागतं, स्टड वाकू लागतात आणि वाकून-वाकून थकलेला स्टड एक दिवस तुटतो.

पातळ, ३ ते ५ मिमीचा स्पेसर नुसता मध्ये सरकवला जातो. त्याने नटात शिरणारा स्टड तेवढा आखूड होतो. मोजायची सोपी रीत अशी की नट हाताने फिरवत किती फेरे बसतो ते पाहायचं. स्टडच्या व्यासाइतकी तरी आटी नटात गेली पाहिजे. १२ मिमीच्या, दीड मिमी आटीच्या स्टडवर हे आठ फेरे होतात आणि सव्वा मिमी आटीच्या स्टडवर जवळजवळ दहा. चार-पाच फेऱ्यांत नट टेकत असेल तर तो स्पेसर काढून टाकावा, पाहिजे तर मोठे स्टड बसवावेत, पण तसं चाक चालवू नये. हबच्या मध्यावर बाहेर आलेली एक गोल कड असते. चाकाचं मधलं भोक तिच्यावर बसतं आणि चाक मध्यावर येतं. स्पेसर घातला की ती कड तेवढी कमी उरते, १०-१२ मिमी जाडीच्या पुढे बहुधा उरतच नाही. म्हणून त्या जाडीच्या स्पेसरला स्वतःची तशीच कड हवी. २०-२५ मिमीचे स्पेसर हबला वेगळ्या नटांनी आवळतात आणि चाक त्यांच्या स्वतःच्या स्टडवर बसतं. इथे एक बारीक गोम आहे. हबचे मूळ स्टड स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब असतील तर त्यांची टोकं चाकाच्या पाठीला लागतात. मग चाक सपाट बसत नाही, पण नट आवळल्यासारखे वाटतात. चाकाच्या पाठीला तिथे खोबणी असेल तरच ते चालतं. नसेल तर दुसरा, जाड स्पेसर घ्यावा लागतो. स्टड कापणारे मिस्त्रीही भेटतात. त्यांना तो पर्याय सुचवू देऊ नये.

लेथवर पट्टीच्या तुकड्यातून कापलेले स्पेसर किंवा ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून विकले जाणारे लांबट खाचांचे स्पेसर यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नयेत. आपल्याकडचे लेथवाले कुशल आहेत, खाणींची यंत्रं त्यांच्या हातावर चालतात, त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण कोणत्या मिश्रधातूची पट्टी आहे, ती घडवलेली आहे की ओतलेली, हे त्यांना माहीत नसतं आणि दोन्ही तोंडं शतांश मिलिमीटरपर्यंत समांतर आहेत की नाहीत, हे बहुधा मोजलेलं नसतं. जर्मनीत स्पेसर लावायचा तर त्या मॉडेलसाठी त्याची तपासणी झाल्याची कागदपत्रं लागतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

चाकाचं मधलं भोक हा आणखी एक दुर्लक्षित आकडा. मारुती स्विफ्टला चार नट १०० मिमीच्या वर्तुळावर आणि मधलं भोक ५४.१ मिमी. क्रेटाला पाच नट ११४.३ वर आणि भोक ६७.१. जिम्नीला पाच नट १३९.७ वर आणि भोक १०८.१. बाहेरची अलॉय चाकं पुष्कळदा ७३.१ अशा मोठ्या भोकाची येतात, म्हणजे कुठल्याही गाडीवर नटांच्या जागा जुळल्या की बसतात. तेव्हा ७३.१ ते ५४.१ अशी मधली रिंग घातलीच पाहिजे. ती नसेल तर ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं आणि दुकानदार पुन्हा-पुन्हा बॅलन्सिंग करून देतो, तरी थरथर जात नाही. नटांचं बूडही पाहावं. बहुतेक अलॉय चाकांना शंकूच्या बुडाचे नट लागतात. कंपनीच्या चाकाचे गोल बुडाचे नट त्यात घातले तर ते एका बारीक रेषेवर टेकतात आणि सैल होत जातात.

आता आपल्या मुलखाची गोष्ट, जी बाहेरून आलेल्या माहितीत कुठे सापडत नाही. काळी माती पावसात टायरला चिकटते, ही नवी बातमी नाही. पण चाकाची आतली कड शॉकअपपासून ६-७ मिमीवर आणून ठेवली असेल, तर शेतरस्त्यावर दहा मिनिटांत ती फट मातीने बुजते. माती वाळली की विटेसारखी कडक होते आणि टायरची आतली भिंत तिच्यावर घासत राहते. वरून काही दिसत नाही, टायर एक दिवस आतून फाटतो. म्हणून शहरासाठी ५ मिमी मोकळी जागा पुरेशी धरतात, तिथे इथे निदान १२-१५ ठेवावी असं माझं मत आहे. बाहेरच्या बाजूला टायर मडगार्डच्या बाहेर आला की चिखल आणि खडी मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर उडते. ही इजा स्वतःला दिसत नाही, म्हणून तिचा विचार होत नाही.

धुळीचं वेगळं. हब आणि चाक यांच्या तोंडांवर चुनखडीची, सिमेंटची बारीक धूळ बसली आणि तिला पाणी लागलं की तिचा थर धरतो. वरून नट आवळला की सुरुवातीला सगळं घट्ट वाटतं, पण आठ दिवसांत थर चुरतो आणि नटाचा ताण उतरतो. स्पेसर असेल तर हे चार तोंडांवर होतं. म्हणून चाक बसवताना प्रत्येक वेळी तारेच्या ब्रशने हब चमकेपर्यंत घासावा, स्पेसरची दोन्ही तोंडं फडक्याने पुसावीत, स्टडला ग्रीस लावू नये. कंपनीने दिलेला टॉर्क कोरड्या आटीसाठी असतो, ग्रीस लावलेल्या आटीवर तोच टॉर्क स्टड जास्त ताणतो. हवेच्या गनने नट फक्त जागेवर आणावेत, शेवटची ओढ टॉर्क पान्याने, एकाआड एक नट घेत द्यावी आणि ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासावी. मुकुटबन-वणी एवढी फेरी झाली तरी ती तपासणी करायला हरकत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात त्याचा अर्थ कडक लावला: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला बाधा येईल असे बदल चालणार नाहीत. अलॉय चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. चाकावर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावं. मोठा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी तो अडचणीचा ठरू शकतो. याहून खोलात कायदा सांगणाऱ्या प्रकरणाची गरज होती असं मला वाटत नाही, कारण कंपनीच्या ऑफसेटपासून ५-१० मिमीत राहणाऱ्याला या भानगडी सहसा येत नाहीत.

आणि स्पेसर कधी लावावा? एकाच कारणाने: घेतलेलं चाक बाकी सगळं बरोबर असून ब्रेकच्या कॅलिपरला किंवा शॉकअपला लागतंय आणि योग्य ऑफसेटचं चाक मिळतच नाही. तेव्हाही अडचण दूर होईल एवढ्याच जाडीचा. केवळ चाक बाहेर दिसावं म्हणून स्पेसर घालणाऱ्याला ही पुस्तिका त्यापासून परावृत्त करण्याचा पुरेपूर प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न मला मनापासून योग्य वाटतो. दिसण्यासाठीच चाकं घ्यायची असतील तर जवळच्या ऑफसेटची, हलकी आणि चांगल्या घडणीची घ्यावीत. तीही सुंदर दिसतात.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करून ठेवावं. सपाट जागेवर गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या चाकांना दगड लावून पुढचं एक आणि मागचं एक अशी चाकं एकेक करून काढावीत. चाक पालथं ठेवून टायरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून हब टेकण्याच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजून वहीत लिहावी. चाकाच्या पाठीवर कोरलेली रुंदी आणि ईटी लिहावा. कॅलिपरवर कणकेचा छोटा गोळा चिकटवून चाक पुन्हा बसवावं, हाताने एक फेरा फिरवावं, परत काढावं आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजावी. चाकं नीट आवळून झाली की गाडीत पाच माणसं बसवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं जातात ते पाहावं. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर तिथे कणकेची गरज नाही, पण शॉकअपपासूनचं अंतर मात्र घ्यावं. हे आकडे हाताशी असतील तर पुढची पानं आपल्याच गाडीबद्दल बोलतात.